स्वच्छ दिसणारें पाणी व मासळींतील विष

शास्त्रपाठ : यहेज्केल ३४:१७-१९

आकुर्डी हें पवना व इंद्रायणी ह्या दोन नद्यांच्या मध्यें वसलेलें आहे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर ह्या टापूंत कारखाने वाढले, आणि त्यांबरोबर लोखंडावर क्रोमियम, निकेल व जस्त चढविणारे प्लेटिंगचे लहान कारखानेहि आले. पवना दापोडीजवळ मुळेस मिळते. मुळा-मुठेचें पाणी भीमेंतून उजनीच्या जलाशयांत जातें. तेव्हां येथें नाल्यांत ओतलेलें पाणी दूरच्या खेड्यांतील बांधवांच्याहि वाट्यास येतें.

मैला पाण्यांत कुजून कालांतरानें नाहींसा होतो. धातूचें तसें नाहीं. तो कुजत नाहीं, जळत नाहीं, उकळल्यानें जात नाहीं. पाणी निवळलें तरी तो तळच्या गाळांत राहतो. तेथून तो किड्यांत व शेवाळांत, आणि कल्ल्यांच्या व अन्नाच्या वाटेनें माशांत शिरतो. जितका आंत येतो तितका बाहेर जात नाहीं, म्हणून तो देहांत सांठत जातो. कॅडमियम यकृतांत व मूत्रपिंडांत, शिसें बहुतेक हाडांत, आणि पारा मांसांतच राहतो. लहान मासे खाऊन वाढलेल्या मरळीसारख्या माशांत पारा अधिक असतो; गाळ चाळून खाणाऱ्या माशांत इतर धातु अधिक सांपडतात.

जपानांत मिनामाता येथें कारखान्याच्या पाण्यांतील पारा समुद्रांतील माशांत सांठला. तेथील रोगाची अधिकृत नोंद १९५६ सालीं झाली. कोळ्यांच्या कुटुंबांतील लोकांचे हातपाय लुळे पडले, दृष्टि अधू झाली, आणि आईच्या उदरांतील बालकांसहि बाधा झाली. पवनेंत तसेंच घडलें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु डोळ्यांस न दिसणारें विष ताटापर्यंत कसें पोहोंचतें, हें त्यावरून समजतें.

यहेज्केल संदेष्टा अशा पुष्ट मेंढरांविषयीं सांगतो, कीं जीं स्वतः निर्मळ पाणी पितात व उरलेलें पायांनीं गढूळ करितात, आणि दुर्बळांस तेंच प्यावें लागतें. प्रभु त्यांचा न्याय करितो. म्हणून आपल्यांपैकीं जे कारखान्यांत काम करितात त्यांनीं टाकींतील पाणी शुद्ध केल्यावांचून नाल्यांत सोडण्यास हात लावूं नये. नदीकांठच्या गरिबास मासे धरल्याबद्दल दोष देऊं नये. त्यास प्रीतीनें समजावून सांगावें. कारखान्यांच्या नाल्यांखालील मासळी गर्भवती स्त्रियांस व मुलांस देऊं नये. इतरांनींहि ती टाळणें बरें. खाणें भागच पडल्यास डोकें, कल्ले व आंतडीं टाकावीं. मात्र ह्यानें पारा जात नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :

१. पाणी निवळलें म्हणजे निर्विष झालें, असें कां म्हणतां येत नाहीं?

२. आपल्या गांवचें सांडपाणी कोणाच्या गांवीं जातें?

३. धन्यानें वाईट पाणी सोडण्यास सांगितलें, तर ख्रिस्ती कामगारानें काय करावें, व मंडळीनें त्यास कसें साहाय्य करावें?