घर विकायचंय? आधी ओल, मग रंग

विक्रीला काढलेल्या घराची दर्शनी बाजू नीटनेटकी करून देणं, हे कमी भांडवलात सुरू होणारं काम आहे. पण नवीन माणूस एक चूक हमखास करतो: ओल्या भिंतीवर थेट रंग मारतो. पावसाळ्यात पोपडे निघतात आणि नाव तुमचं खराब होतं.

म्हणून कोटेशनआधी तपासा. हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवा. 24 तासांनी भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर भिंतीत ओल आहे. मग गळती शोधा: गच्ची, पन्हळ, पाइप.

कामाचा क्रम असा: गळती बंद करणं, शेवाळ घासून धुणं, भेगा भरणं, भिंत पूर्ण सुकू देणं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. शेवटी गेट, नावाची पाटी आणि अंगण.

मालक म्हणाला, "भेगा नुसत्या झाका हो," तर सरळ नाही म्हणा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार, स्वतःला माहीत असलेला पण घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायचा असतो. तो लपवायला आपला ब्रश द्यायचा नाही.

आजचा गृहपाठ: स्वतःच्याच घराची एक भिंत तपासा!