वायरच्या रंगावर जाऊ नकोस

अगं, इलेक्ट्रिक सायकलची नवी बॅटरी घरात आली की कधी एकदा जोडते असं होतं, ठाऊक आहे मला. पण कंट्रोलरला लावण्याआधी मल्टिमीटर हातात घे. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, हे कारखान्यातून निघताना खरं असतं. पुढे कनेक्टर कुणी बदलला, हाताला लागली ती वायर कुणी डकवली, काय सांगावं? उलटी जोडलीस तर कंट्रोलर क्षणात जळू शकतो. तुझे भाऊजी अजून रंग बघूनच जोडतात. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय.

आधी बांगड्या, अंगठी उतरव. छत्तीस व्होल्टचा झटका कोरड्या हाताला सहसा कळतही नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. भीती शॉर्टची. दोन टोकांमध्ये धातू आला की ठिणगी उडते, कातडी भाजते. प्रोबच्या पिनांनाही टेप गुंडाळ, नुसतं टोक उघडं ठेव.

काळा प्रोब ‘कॉम’मध्ये, लाल ‘व्ही’ लिहिलेल्या भोकात. शेजारच्या दहा अँपिअरच्या भोकात लाल राहिला, तर मीटरमधूनच बॅटरी शॉर्ट होते, एवढं मात्र दोनदा बघ. डायल डीसी २०० वर. २० वर ठेवलीस तर डावीकडे नुसता १ दिसेल. मीटर बिघडलेला नसतो, रेंज कमी पडते.

लेबलवर ३६ आणि मीटरवर ४२ दिसले तर दचकू नकोस. आत एकामागे एक दहा सेल, पूर्ण भरलेला प्रत्येक ४.२ व्होल्टचा. तिशीच्या आसपास आली की बॅटरी रिकामी समज. ४८ वाली असेल तर तेरा सेल, म्हणजे भरल्यावर ५४.६. शून्य किंवा दोन-तीनच व्होल्ट दिसले तर आधी बॅटरीची चावी फिरवून बघ. तरीही तेच, तर आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने, पुरवठा तोडला असेल. पॅक उघडायला मात्र जाऊ नकोस, दुकानात ने.

आकड्याआधी वजा आला तर लाल प्रोब मायनसवर आहे. मीटरला काही होत नाही, प्रोब अदलाबदल कर. वजा गेला की लाल प्रोबखालचं टोक प्लस. तिथे नेलपॉलिशचा ठिपका देऊन टाक. बाजारातून आणलेला चार्जरही असाच तपास, पिन तीच बसली म्हणून आतली प्लस-मायनस तीच असेल असं नाही.

आणि एक. उभ्या सायकलवर ४१ व्होल्ट दाखवणारी जुनी बॅटरी चढावर एकदम मान टाकू शकते. दुकानदार नुसता मीटर लावून “ठणठणीत आहे” म्हणाला, तर मोटरवर भार देऊन पुन्हा मोजायला लाव.