सात आणि आठ यांची गाठ

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर भजन बसले, की पखवाज, टाळ आणि पेटी ही वाद्ये असायचीच. पखवाजावर आठ मात्रांचा भजनी ठेका चाललेला असतो आणि टाळ त्याला धरून असतात. मध्येच पखवाजवादक ठेका सोडून काही भलतेच वाजवू लागतो. क्षणभर वाटते, हा आता चुकला! पण तो नेमका समेवर येऊन पडतो आणि ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप हलतात.

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस व १९९० च्या दशकात रॉक संगीताची एक शाखा निघाली. तिला ‘मॅथ रॉक’, म्हणजे गणिती रॉक, असे म्हणतात. एरवी रॉकमध्ये बहुधा चार-चार मात्रांची चाल असते. या शाखेत मात्र गिटारचे तुकडे पाच, सात, अकरा अशा मात्रांचे असतात आणि स्वर एकमेकांना मुद्दाम घासतात. प्रथम ऐकणारा म्हणतो, “हा तर गोंगाट!” भजनातला तो क्षण आणि हा गोंगाट यांच्यामागे एकच गणित आहे. ते तुम्हाला इयत्ता सहावीपासून ठाऊक आहे. त्याचे नाव लसावि!

दोन मोजण्या

एका मुलाने आठ-आठ मात्रा मोजाव्यात आणि प्रत्येक ‘एक’ला टाळी द्यावी. दुसऱ्याने त्याच वेगाने सात-सात मोजून आपल्या ‘एक’ला बाकावर थाप मारावी. दोघांनी एकदमच सुरुवात करायची. पहिल्या मात्रेला टाळी व थाप एकत्र पडतील. पुढची थाप आठव्या मात्रेवर, म्हणजे टाळीच्या एक मात्रा आधी पडेल. त्यापुढची दुसऱ्या आवर्तनातल्या सातव्या मात्रेवर, नंतरची तिसऱ्यातल्या सहाव्यावर. अशी ती एकेक पाऊल मागे सरकत जाईल. ७ आणि ८ यांचा लसावि ५६. म्हणून ५६ मात्रा संपल्यावर, सत्तावन्नाव्या मात्रेला, दोघे पुन्हा एकत्र येतील. तोवर आठाची सात आवर्तने आणि साताचे आठ तुकडे झालेले असतील.

मधल्या काळात कानाला जी ओढाताण जाणवते, ती चुकीमुळे नव्हे. दोन्ही मोजण्या बिनचूक आहेत. फक्त त्यांची भेट लांबली आहे. भेट जितकी लांबते तितकी उत्कंठा वाढते, आणि भेट झाली की तितकेच समाधान मिळते.

आपल्या तबला-पखवाजाच्या वादनात हेच तत्त्व तिहाईच्या रूपाने येते. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल समेवर आणायचा. समजा, समेपासून तिहाई सुरू केली. तुकडा ‘त’ मात्रांचा आणि दोन तुकड्यांमधली विश्रांती ‘व’ मात्रांची आहे. मग आठ मात्रांच्या ठेक्यात शेवटचा बोल नवव्या मात्रेवर पडला पाहिजे, कारण नववी म्हणजेच पुढची सम. म्हणून ३त + २व = ९. त = ३ घेतल्यास व = ० येते. सोळा मात्रांच्या त्रितालात ३त + २व = १७. येथे त = ५, व = १ हे एक उत्तर झाले. ‘ति ट क त धा’ हा पाच मात्रांचा तुकडा मध्ये एकेक मात्रा थांबून तीनदा म्हणा. तिसरा ‘धा’ समेवरच येतो.

लय वाढवली तर?

आता कल्पना करा, की एक यंत्र सेकंदाला २ टिचक्या देते आणि दुसरे ३. आपल्याला ‘दोनास तीन’ अशी लय ऐकू येईल. दोन्ही यंत्रांचा वेग १२० पट वाढवला, तर टिचक्या सेकंदाला २४० आणि ३६० होतील. इतक्या टिचक्या सुट्या ऐकू येत नाहीत, त्यांचा सूर होतो. २४० ला षड्ज मानले तर ३६० हा पंचम! म्हणजे जी संख्यांची जोडी सावकाश चालली असता लय होती, तीच वेगाने चालली असता षड्ज-पंचमाचा संवाद झाली.

षड्ज आणि कोमल ऋषभ यांचे प्रमाण १५:१६ धरतात. षड्ज २४० असेल, तर कोमल ऋषभ २५६. हे दोन स्वर एकदम वाजवले तर त्यांची कंपने सेकंदाला २५६ – २४० = १६ वेळा एकमेकांशी जुळतात आणि तितक्याच वेळा एकमेकांविरुद्ध जातात. जुळली की आवाज मोठा, विरुद्ध गेली की लहान. आवाजाच्या या चढउतारांना विस्पंद म्हणतात. सेकंदाला एक-दोन विस्पंद झाले तर सूर झुलल्यासारखा वाटतो; ते वाढले की खरखर जाणवते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली आपल्या ग्रंथात विसंवादाचा या खरखरीशी संबंध जोडला. सेकंदाला सुमारे ३० विस्पंद असले की ती सर्वांत जास्त बोचते असे त्याचे मत होते. हा आकडा सुराच्या उंचीप्रमाणे बदलतो, हे पुढे दिसून आले.

पेटीवर करून पाहा

भजनाच्या पेटीवर मंद्र सप्तकातली पांढरी एक आणि काळी एक या दोन पट्ट्या एकदम दाबून भाता सावकाश हलवा. सुरात एक थरथर ऐकू येईल. तीच जोडी मध्य सप्तकात दाबा. थरथर साधारण दुप्पट जलद होईल, कारण तेथे दोन्ही कंपनसंख्या आणि त्यांच्यातील फरक दुप्पट होतो. आता पांढरी एक आणि पांढरी पाच दाबा. ती खरखर नाहीशी होईल.

मग विसंवादी स्वर वाईटच म्हणायचे का? मुळीच नाही. मारवा रागात कोमल ऋषभ आणि धैवत यांना प्राधान्य असते आणि गवई षड्ज बराच वेळ टाळतो. शेवटी षड्ज लागला, की श्रोता सुटकेचा श्वास टाकतो. लांबलेल्या समेचे समाधान आणि लांबलेल्या षड्जाचे समाधान ही सख्खी भावंडे आहेत. अर्थात, कोणती खरखर गोड लागावी हे नुसत्या विस्पंदांवर ठरत नाही. त्यात कानाच्या सवयीचाही मोठा वाटा असतो. सवय करून घेता येते, ही त्यातली चांगली गोष्ट.

तुमची स्वतःची रचना

तिघे मिळून हे करा. पखवाज किंवा तबला नसेल तर बाक चालेल.

१. पहिल्याने आठ मात्रांचा ठेका धरावा.

२. दुसऱ्याने पेटीवर सात मात्रांचा तुकडा वाजवावा: सा ग प, सा ग, सा रे (कोमल). षड्जाची आणखी एक पट्टी सतत दाबून ठेवावी. म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या शेवटी खरखर येईल आणि पुढच्या ‘सा’वर ती विरेल.

३. तिसऱ्याने बोटांवर आवर्तने मोजावीत. सातवे आवर्तन सुरू होताच त्याने खूण करावी. ठेकेवाल्याने तेथे तीन मात्रांच्या तुकड्याची, विश्रांती न घेता, तिहाई वाजवावी.

तिहाईचा शेवटचा बोल आणि पेटीचा नवा ‘सा’ दोन्ही सत्तावन्नाव्या मात्रेवर एकत्र पडले, की रचना साधली. पहिल्या दिवशी बहुधा ती फसेल. वेग कमी करून पुन्हा बसा. ऐकणाऱ्यांनी हाताने आठ धरावेत आणि कानाने साताचा माग काढावा. खरी मौज त्यातच आहे.

शाळेच्या संमेलनात असे काही वाजवले तर कोणीतरी “गोंगाट!” म्हणेलच. त्यावर एक कसोटी आहे. तीच रचना पुन्हा वाजवून दाखवा. चुकून झालेली गोष्ट जशीच्या तशी पुन्हा करता येत नाही; मोजून केलेली करता येते. आणि दुसऱ्या कोणाची नवी, कानाला टोचणारी रचना तुमच्यापुढे आली, तर नावे ठेवण्याआधी तुम्हीही एकदा मोजून पाहा. कदाचित सम अजून यायची असेल.

सोडवून पाहा

(१) पाच मात्रांचा तुकडा आठ मात्रांच्या ठेक्यावर वाजवला, तर किती आवर्तनांनी गाठ पडेल?

(२) झपताल दहा मात्रांचा. समेपासून सुरू होणाऱ्या तिहाईसाठी ‘त’ आणि ‘व’ यांच्या पूर्णांकी जोड्या शोधा.

(३) २४० आणि २४३ कंपनांचे दोन सूर एकदम वाजले, तर सेकंदाला किती विस्पंद ऐकू येतील?

उत्तरे: (१) ठेक्याच्या ५ आवर्तनांनी. (२) त = ३, व = १ आणि त = १, व = ४. (३) ३.