लांब हंगाम आणि पाच सामने

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा आकडा थक्क करतो. पण मला येथे लिहावयाचे आहे ते त्यानंतर होणाऱ्या, आठवड्याभरात आटोपणाऱ्या लीग विजेतेपदाच्या मालिकेविषयी.

१९६८ पर्यंत व्यवस्था सरळ होती. नॅशनल व अमेरिकन अशा दोन लीग, आणि प्रत्येकीत पहिला येणारा संघ थेट वर्ल्ड सीरिजमध्ये. १९६९ साली प्रत्येक लीगमध्ये बारा संघ झाले. बाराव्या क्रमांकावर रखडणाऱ्या संघाचा सामना पाहावयास कोण येणार? म्हणून प्रत्येक लीगचे पूर्व व पश्चिम असे दोन विभाग पाडले गेले आणि दोन विभागविजेत्यांत पाच सामन्यांची मालिका ठरली. जो तीन जिंकेल तो पुढे जाईल.

या योजनेतील मेख १९७३ साली उघड झाली. नॅशनल लीगच्या पश्चिम विभागात सिनसिनाटी रेड्सने ९९ सामने जिंकले होते. पूर्वेचा विजेता न्यूयॉर्क मेट्स. त्याचे विजय ८२, पराभव ७९! ऑगस्ट संपत आला तेव्हा हा संघ आपल्या विभागात तळाशी होता. रेड्सच्या विभागात असता तर तो चौथा आला असता. तरीही मेट्सने मालिका ३-२ अशी जिंकली.

हे निव्वळ नशीब होते काय? मला तसे वाटत नाही. चेंडू फेकणाऱ्या पिचरला दोन सामन्यांत काही दिवसांची विश्रांती लागते. लांब हंगामात म्हणूनच चार-पाच चांगले पिचर हवेत. छोट्या मालिकेत तिघांवर भागते. मेट्सकडे सीव्हर, मॅटलॅक व कूसमन हे तिघे होते. मॅटलॅकने दुसऱ्या सामन्यात रेड्सला एकही धाव दिली नाही. पहिला सामना हरलेला सीव्हर पाचव्या सामन्यात पुन्हा उतरला आणि जिंकला. वर्षभराचा अभ्यास व तीन तासांचा पेपर यांचे नाते आम्हा विद्यार्थ्यांना काही निराळे सांगावयास नको.

१९८१ साली तर कहर झाला. खेळाडूंच्या संपामुळे हंगामाचे दोन तुकडे पडले व प्रत्येक तुकड्याचा विजेता निवडण्यात आला. ६६ विजय व ४२ पराभव ही रेड्सची कामगिरी दोन्ही लीगमध्ये सर्वोत्तम होती. पण दोन्ही तुकड्यांत संघ दुसरा आला आणि घरी बसला. हा मला खरा अन्याय वाटतो. १९७३ साली रेड्स निदान मैदानावर तरी हरले होते.

१९८५ पासून मालिका सात सामन्यांची झाली. त्याच वर्षी अमेरिकन लीगमध्ये टोरंटो ब्लू जेज ३-१ असे पुढे होते. जुन्या नियमाने तेच विजयी ठरले असते. नव्या नियमाने कॅन्सस सिटी रॉयल्सने उरलेले तिन्ही सामने जिंकले आणि पुढे वर्ल्ड सीरिजही घेतली.

१९९४ च्या संपात मालिका झालीच नाही. १९९५ पासून तिच्याआधी पाच सामन्यांची आणखी एक फेरी आली, आणि २०२२ पासून प्रत्येक लीगमधील सहा संघांना प्रवेश मिळू लागला. संघमालकांना तिकिटांचे व दूरदर्शनचे उत्पन्न हवे असते, हे उघडच आहे. २०२३ साली शंभर सामने जिंकणाऱ्या लॉस एंजेलिस डॉजर्सला त्याच विभागातील, ८४ विजयांच्या ॲरिझोना डायमंडबॅक्सने या आधीच्या फेरीतच ३-० असे हरविले. मग सात सामन्यांच्या मालिकेत फिलाडेल्फियाला ४-३ असे नमवून ॲरिझोना वर्ल्ड सीरिजमध्ये गेले.