पहिल्या तासात जिंकायचं नसतं! उन्हातली सायकल शर्यत आणि दुकानाचं भांडवल

मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की माझं पहिलं दुकान का बंद पडलं ते मला सायकलवर कळलं. बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, ते नीट सांगा." तर आज तेच.

एप्रिल महिना, शनिवार-रविवारची हौशी सायकल शर्यत. शनिवारी एकेकट्याने २० किलोमीटर पळवायची होती. त्यात माझा चौथा नंबर आला आणि डोक्यात हवा गेली. रविवारी बारामती ते इंदापूर आणि परत, साधारण १०० किलोमीटर. सणसर, बेलवडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, म्हणजे आपला तुकोबारायांच्या पालखीचा रस्ता. पाहुणे उशिरा आले आणि झेंडा पडायला साडेआठ वाजले. ऊन तेव्हाच चटकायला लागलं होतं.

मी पुढच्या टोळीत घुसलो. वेग ३६. माझा रोजचा सराव ३० चा. आता हा हिशोब बघा. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग २० टक्के वाढवला की ताकद साधारण ७० टक्के जास्त लागते. दुसऱ्याच्या मागे राहिलं तर बराच भार हलका होतो, पण आपली पाळी आली की पुढे यावंच लागतं. शिवाय स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातली साधारण तीन चतुर्थांश नुसती उष्णता होते. म्हणजे वरून ऊन आणि आतून भट्टी.

इंदापूरला पाण्याचं टेबल होतं. टोळी सुटेल म्हणून मी थांबलो नाही. तिथेच एक पन्नाशीचे काका थांबले, मानेवर पाणी ओतलं, बाटल्या भरल्या. मी मनात हसलो.

परतताना शेळगावच्या अलीकडे पायात गोळे आले. अंथुर्ण्यात पोचलो तर भर उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजायला लागली. हे उष्माघाताच्या आधीचं लक्षण असू शकतं, तिथे थांबायचंच असतं. टपरीवाल्या मामांनी मला सावलीत बसवलं, डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि लिंबू-मीठ-साखरेचं सरबत हातात दिलं. म्हणाले, "गप बस पोरा, शर्यत कुठं पळून चालली नाही."

तेवढ्यात ते पन्नाशीचे काका समोरून गेले. त्याच संथ वेगात. ते बारामतीला पोचले, मी टेम्पोतून आलो.

टेम्पोत बसल्या बसल्या मला माझं पहिलं दुकान आठवलं. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतले ४ लाख. साडेतीन लाख फर्निचर, बोर्ड, एसी आणि उद्घाटनात गेले. नोव्हेंबरला सुरुवात केली. कारखाने चालू, उसाची बिलं यायला लागलेली. पाइप, पंपाचे सुटे भाग भराभर खपले. मला वाटलं हाच आपला वेग! दुसरा पोरगा कामाला ठेवला, शेजारचा गाळा घेतला. जून आला, शेतकऱ्याचा पैसा बी-खताकडे वळला. माझ्याकडे माल भरायला पैसे नव्हते. गिऱ्हाईक दोनदा "नाही" ऐकतं, तिसऱ्यांदा येत नाही. अकराव्या महिन्यात शटर खाली. धंदा वाईट नव्हता. मी इंदापूरला पाणी भरलं नव्हतं.

आता मोठं उदाहरण घ्या. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ, व्यवसायाने डॉक्टर. २०१५ मध्ये त्यांनी दोघांचा संघ करून 'रेस ॲक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. साधारण ४,८०० किलोमीटर, ऐन जूनमध्ये, सुरुवातीलाच वाळवंट. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने १२ दिवसांच्या आत संपवली. या शर्यतीत स्पर्धकाच्या मागे गाडीत माणसं असतात. किती प्यायला, किती खाल्लं, कधी झोपायचं, हे ती बघतात. कारण थकलेल्या माणसाला स्वतःचा हिशोब कळत नाही.

मग आपण काय करायचं?

शर्यतीत: उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस थोडं थोडं उन्हात चालवा. तहानेची वाट बघू नका, घोट-घोट प्या. लांब पल्ल्याला नुसतं साधं पाणी ढोसू नका, मीठ-साखरही हवी. घरचं प्रमाण: १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. कुणी असंबद्ध बोलायला लागला तर सावली, अंगावर गार पाणी आणि लगेच १०८.

दुकानात: दरमहा ठरलेला खर्च लिहा. समजा भाडं ८,०००, पगार ९,०००, वीज २,०००, हप्ता ६,०००. झाले २५,०००. सहा महिन्यांचे दीड लाख. हे पैसे उद्घाटनाच्या आधी बाजूला काढा आणि वेगळ्या खात्यात ठेवा. उरलेल्यात दुकान सजवा. हंगामाचा वेग हा आपला कायमचा वेग समजू नका. आणि महिन्यातून एकदा तुमची वही बघणारं एक माणूस ठेवा. माझी वही आता बायको बघते, आणि ती एसीला "नाही" म्हणते.

पुढच्या एप्रिलला मी तीच शर्यत पुन्हा केली. इंदापूरला थांबलो. नंबर एकतिसावा आला, पण स्वतःच्या सायकलवर बारामतीत आलो.

गृहपाठ: आज रात्री वहीत एकच आकडा लिहा. उद्यापासून विक्री शून्य झाली, तर तुमचं दुकान किती दिवस उघडं राहील? तो आकडा कॉमेंटमध्ये टाका. लाजू नका, माझा पहिल्या वेळी १९ दिवस होता.