दुधाचे दात का जपावेत?

“ते पडायचेच आहेत, मग जपायचे कशाला?” विद्यानगरातील आम्हां शिक्षकांना पालक हा प्रश्न नेहमी विचारतात. त्याचे उत्तर दातांच्या घडणीतच आहे.

या दातांचे अंकुर गर्भातच, सहाव्या आठवड्याच्या सुमारास धरतात. जन्मानंतर साधारण ६ महिन्यांनी पहिला दात दिसतो. तिसऱ्या वर्षापर्यंत २० दात पुरे होतात. पुढे जबड्यातला कायमचा दात बाहेर येऊ लागला, की दुधाच्या दाताचे मूळ विरत जाते. म्हणून पडलेला दात बिनमुळाचा दिसतो. तोवर तो नव्याची जागा राखतो. किडून अकाली गेला, तर शेजारचे दात सरकतात व नवा वाकडा येतो.

नव्या दातांची घडणही बालपणीच चालते. हैदराबादजवळच्या नलगोंडा जिल्ह्यात पाण्यातील फ्लोराइडमुळे त्यांवर पडलेले डाग याचीच साक्ष देतात.

सहाव्या वर्षाच्या सुमारास मात्र, कोणाचीही जागा न घेता, सर्वांच्या मागे एक दाढ येते. पालक तिला दुधाची समजतात. ती असते कायमची. मधल्या दातापासून मोजता सहावी दिसली, की ती जन्माची सोबतीण मानावी व त्याच दिवसापासून जपावी.