चाकाचे गाऱ्हाणे

मुलांनो, बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले, की गाडीवान आसाला वंगण घालतो. ती कुरकुर म्हणजे चाकाचे गाऱ्हाणेच होय. मोटारीचे चाकही असेच गाऱ्हाणे करते. मात्र ते ऐकण्यास कान सावध असावा लागतो.

आमची मोटार बरीच जुनी होती. एका शनिवारी सकाळी तिच्या पुढच्या डाव्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. वेग वाढला, की तो वाढे. मोटार उजवीकडे वळली, की तो अधिकच घोगरा होई. दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन पुण्याहून वाईस जावयाचे होते.

मी म्हणालो, “बाबा, परत आल्यावर पाहू ना!”

“वाटेत खंबाटकीचा घाट आहे. तेथे चाक निखळले, तर परत येण्याची गोष्टच कोठली?” बाबा म्हणाले.

घरी येताच बाबांनी मोटार सपाट फरशीवर उभी केली व मागच्या चाकांना पुढूनमागून दगड लावले. जॅकने पुढची बाजू उचलून त्यांनी खाली भक्कम लोखंडी स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते कधीही काम करीत नसत. चाक वर व खाली धरून हलविताच ते खुळखुळले. फिरविताच वाळू भरडल्यासारखी खरखर ऐकू आली. बेअरिंग झिजले होते!

जड पेटी जमिनीवरून ओढणे कठीण. पण तिच्याखाली गोल दांडकी घातली, तर ती सहज सरकते. घासण्यापेक्षा घरंगळणे सोपे असते. बेअरिंगचे मर्म हेच. फिलिप वॉन याने १७९४ साली ब्रिटनमध्ये गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. पुढे १८९८ साली अमेरिकेतील हेन्री टिमकेन या गाड्या बनविणाऱ्या गृहस्थाने निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट मिळविले. असे बेअरिंग मोटारीचा भारही सोसते आणि वळणावरचा आडवा रेटाही सोसते. आमच्या मोटारीत अशीच बेअरिंगे होती.

बाबांनी चाक उतरविले, तुंब्यावरची टोपी व पिन काढली, नट सोडविला आणि तुंबा अलगद ओढून घेतला. आतील बेअरिंगे रॉकेलमध्ये धुतली. रुळांवर बारीक खड्डे पडले होते व काही रूळ उष्णतेने निळसर झाले होते.

नवी बेअरिंगे बाजारातून आणली होती. तुंब्यात घट्ट बसलेली बाहेरची कडी मात्र मला चांगली दिसली. “ही राहू द्या की! तेवढाच वेळ वाचेल,” मी म्हणालो. बाबांनी माझे नख कड्याच्या आतून फिरविले. डोळ्यांना न दिसलेली खाच नखाला लागली!

“रूळ आणि कडे जोडीने झिजतात. जुन्या कड्यावर नवे रूळ घातले, तर तेही लवकरच बिघडतील,” बाबा म्हणाले.

पितळी कांडीने सर्व बाजूंनी हलके ठोके देत त्यांनी जुनी कडी काढली व नवी बसविली. कडे तळाला टेकताच ठोक्याचा आवाज बदलला. मग तळहातावर वंगण घेऊन त्यांनी ते रुळांच्या फटींत दाबून भरले. तेल अडविणारे रबरी सीलही नवे घातले.

शेवटी तुंबा फिरवीत त्यांनी नट आवळला आणि पुन्हा किंचित सैल केला. फार घट्ट राहिला, तर बेअरिंग तापून जळते; फार सैल राहिला, तर चाक डुलते. नटाला नवी पिन घातल्यावरच त्यांनी हात धुतले.

आजच्या पुष्कळ मोटारींत बंद बेअरिंगे असतात. ती बसविण्यास यंत्राचा दाब लागतो व ते काम कारागिराकडेच सोपवावे लागते. पण चाकाचे गाऱ्हाणे ऐकण्याचे काम आपलेच असते.

रविवारी घाट चढून आल्यावर बाबांनी मोटार थांबविली व तुंब्याला हात लावून पाहिला. तो जेमतेम कोमट होता. मागच्या आसनावर आजी शांत झोपली होती. तिला जाग येईल असा एकही आवाज चाकाने केला नव्हता.

शब्दार्थ : तुंबा – चाकाचा मधला भाग; आस – ज्याभोवती चाक फिरते तो दांडा; मर्म – मुख्य रहस्य.

स्वाध्याय
१. बाबांनी घाटापूर्वीच दुरुस्ती का केली?
२. नट फार घट्ट किंवा फार सैल का ठेवू नये?
३. वाक्यात उपयोग करा : गाऱ्हाणे करणे, भरवशावर असणे.